तंबोऱ्यामागचा अंधार

गाणें कानांनीं ऐकावयाचें, हें खरें; तथापि मैफलीस जाणारा मनुष्य तें पाहावयासही बसतो. षड्ज लावतांना मिटलेले डोळे, तानेबरोबर हवेंत उकलत जाणारा हात, समेवर तबलजीकडे टाकलेला कटाक्ष, या गोष्टी ध्वनिमुद्रिकेंत उतरत नाहींत. म्हणून कॅमेरा घेऊन पुढें बसणाऱ्या माणसाचा आम्हांस राग येत नाहीं. त्यानें फ्लॅश मात्र आणूं नये.

न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबांत १९४८ सालीं हर्मन लिओनार्ड यांनीं सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांचें जें छायाचित्र घेतलें, त्यांतील सिगारेटचा धूर प्रसिद्धच आहे. परंतु तो उजळला होता छायाचित्रकारानें स्वतः आणलेल्या दिव्यांनीं. आमच्याकडील दिवाणखान्यांत असें कोणी करूं लागला, तर यजमान त्यास घरचा रस्ता धरावयास सांगतील. तेथें गायकाच्या डोक्यावर जो एक दिवा असेल, त्यावरच भागवावें लागतें.

अशा खोलींत ४०० गतीची कृष्णधवल फिल्म घालून भिंग २ या आंकड्यापर्यंत उघडलें, तरी शटर सेकंदाचा ३० वा भाग उघडें ठेवावें लागतें. तेवढ्यांत द्रुत तान घेणाराचा हात पुसला जातो. यावर युक्ति अशी कीं, फिल्म १६०० गतीची आहे असें मानावयाचें, म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो, आणि राहिलेली उणीव फिल्म धुतांना भरून काढावयाची. इलफर्डची एच-पी-५ प्लस फिल्म आयडी-११ द्रावणांत २० अंशांवर साडेसात मिनिटें धुवावयाची, ती १४ मिनिटें ठेवितात. यासच 'पुश करणें' म्हणतात. चित्राचा दाणा जाडा होतो, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. खर्जांतल्या किंचित् घोगऱ्या आवाजाप्रमाणें तो आम्हांस आवडतोच.

परंतु उणीव भरून निघते, हें म्हणणें फसवें आहे. जेथें थोडाबहुत उजेड पडला तेथलें चित्र त्या जादा मिनिटांनीं ठसठशीत होतें. जेथें पडलाच नाहीं, तेथें फिल्म कितीही वेळ धुतली तरी निगेटिव्हवर कोरी काच. गायकाचा चेहरा झळकतो, आणि त्याच्या मागें बसलेलीं माणसें अंधाराच्या स्वाधीन होतात.

आमच्या परिचयाच्या एक बाई वीस वर्षें आपल्या गुरूंच्या मागें तंबोऱ्यावर बसल्या. गुरु गेल्यावर एका रसिक गृहस्थांनीं त्या मैफलींचीं छायाचित्रें घरीं आणून दाखविलीं. चित्रें उत्तम होतीं. बाईंनीं एकेक हातीं घेऊन सावकाश पाहिलें. एकांत तंबोऱ्याचा भोपळा चकाकत होता, दोहोंत बोटें होतीं. चेहरा एकांतही नव्हता. "तंबोरा मात्र छान आला आहे," असें म्हणून त्या चहा करावयास उठल्या.

तेव्हांपासून आम्ही छायाचित्रकार मित्रांशीं वाद घालीत आलों आहों. प्रकाशमापक गायकाच्या कपाळाकडे नव्हे, तंबोरेवालीच्या गालाकडे धरावा, आणि फिल्म ४०० वरच ठेवावी, असें आमचें म्हणणें. शटर मंदावेल, हें उघड आहे. मग विलंबितांतील समेची वाट पाहावी: तेथें गायक क्षणभर स्थिर होतो, श्रोत्यांची दाद उठते, आणि शटरचा आवाजही तींत बुडून जातो. त्याकरितां छायाचित्रकारास ताल कळला पाहिजे. पण ज्यास सम कळत नाहीं त्यानें पुढच्या रांगेंत बसावेंच कशाला? मित्र विचारतात, "आणि तेवढ्यांत हात हलला तर?" हलूं द्यावा. गाणाराचा हात हलला हें कोणास नवल वाटणार आहे?

गेल्या हिवाळ्यांत त्यांपैकीं एकानें, कुरकुरत कां होईना, असें एक चित्र घेतलें. गायकाच्या हाताचा नुसता पांढरा फराटा झाला आहे. मागची मुलगी तंबोऱ्याच्या दांडीला कान लावून बसली आहे. एखादी तार किंचित् उतरली असावी, कारण तिच्या कपाळावरची आठी स्पष्ट दिसते.