खापरपणजोबांचं बटण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मे महिन्यात दापोलीला आत्याकडे गेलो होतो. माळा आवरताना आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक पितळी बटण सापडलं. "अरे, ते खापरपणजोबांच्या कोटाचं," आत्या म्हणाली. आजी त्यांना नुसतं 'पेन्शनर' म्हणायची. नाव नाहीच.

दापोलीला अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात. आधी कंपनी सरकारची छावणी, मग पेन्शनरांची वस्ती. रत्नागिरी जिल्ह्यातून महार, मराठे मुंबईच्या लष्करात जात. (लोकरीचा लाल कोट घालून आपल्या उन्हात कवायत! विचार करूनच घाम फुटतो.) पण त्याच लष्कराने शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शाळा दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते.

कॉलेजात एकाने मला ऐकवलं होतं, "तुम्ही इंग्रजांकडून लढलात." 1 जानेवारी 1818 ची कोरेगावची लढाई त्याच्या डोक्यात. तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर वाचलं. स्टॉन्टनची सगळी मिळून आठेकशे माणसं, दोन तोफा, रात्रभर शिरूरहून चालून आलेली, आणि दिवसभर पाण्यावाचून गावातल्या बोळांत लढलेली. कवायत मोकळ्या मैदानातली, लढाई मात्र घराघरातून. त्या पलटणीत महारांबरोबर मराठे, मुसलमानही होते आणि पेशव्यांकडून अरब लढत होते. हे सगळं त्याला सांगायला हवं होतं. असो.

मला जास्त लागलं ते पुढचं. 1890 च्या सुमारास 'लढाऊ जमातीं'चं खूळ निघालं आणि महारांची भरती बंद झाली. दापोलीतलेच निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये सरकारला विनंतीपत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. पणजोबा वयात आले तेव्हा दार बंदच होतं. ते मुंबईला गिरणीत गेले. तिथे साचे खात्यात घेईनात, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई! सूत खात्यातच आयुष्य गेलं. 1917 मध्ये महायुद्धाला माणसं हवी झाली, तेव्हा '111 महार्स' उभी केली, 1921 मध्ये मोडली. बापाला पेन्शन, मुलाला फाटकातूनच परत.

बटणावरचा आकडा पुसट झालाय. मी 1 वाचतो, आत्या 7 म्हणते. चिंचेने घासून बघू म्हटलं तर ओरडलीच.

"घासू नकोस रे, आहे तेही जाईल."