‘पडलं’ म्हणणाऱ्याची मजुरी कापू नका

गॅरेजमध्ये ज्याने ज्याने हात काळे केले आहेत, त्याने एक वाक्य हमखास ऐकलेले असते. "कुठे जातंय? पडलं असेल खाली. कर बंद." इंजिन उघडे असते, हातातून एखादा नट, वॉशर किंवा क्लिप सुटते, टण्ण असा आवाज येतो आणि तुकडा दिसेनासा होतो. हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा मिस्त्री किंवा मालक असतो आणि ऐकणारा हेल्पर असतो. आमचे म्हणणे असे की, पडलेल्या तुकड्याने जेवढी इंजिने मोडतात त्याहून जास्त या एका वाक्याने मोडतात. हे आम्ही का म्हणतो, ते नीट समजून घ्या.

आम्ही चौघे भागीदारीत एक छोटे गॅरेज चालवतो. हाताखाली एक एकोणीस वर्षांचा पोरगा शिकतो आहे. मागे एक टॅक्सी कामाला आली. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, साखळीवर चालणारे पेट्रोल इंजिन. सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर, म्हणजे व्हॉल्व्हची ऑइल सील गेलेली. हेड न उतरवता ती बदलायची, तर प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवावे लागतात, मग स्प्रिंग दाबून कॉटर काढावे लागतात. कॉटर म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर स्प्रिंगची वाटी अडकवून ठेवणारे पोलादी तुकडे. एका व्हॉल्व्हला दोन, आकाराने हरभऱ्याच्या डाळीएवढे. स्प्रिंगचा ताण सुटला की ते कधी कधी टुणकन उडतात. पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या हातूनही उडतात.

दोन सिलिंडरचे काम झाले. तिसऱ्याचे कॉटर काढून पोराने थाळीत मोजले. आठ हवे होते, सात भरले. कामासाठी आलेला एक बाहेरचा मिस्त्री तिथे होता. तो म्हणाला, "अरे, डब्यात जुने पडलेत, त्यातला एक घाल." पोरगा दोन क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, "दादा, आत गेलाय. साखळीच्या बाजूला आवाज आला."

आम्ही तिथल्या तिथे काम थांबवले. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधली, म्हणजे चुकूनही कोणी सेल्फ मारणार नाही. इंजिन पान्याने हातानेसुद्धा फिरवायचे नाही असे ठरले.

आता प्रश्न असा की, हरवलेली वस्तू शोधायची कशी? अंदाजाने हात घालायचा नसतो. आधी हिशेब मांडायचा असतो. वस्तू कशाची आहे? कॉटर पोलादाचा, म्हणजे चुंबकाला धरणार. ॲल्युमिनियमची, पितळेची किंवा तांब्याची असती, तर चुंबक फिरवून दिवस वाया गेला असता. तिथे चिमटा, ग्रीस लावलेली काडी किंवा बारीक नळीचा व्हॅक्यूम लागतो. दुसरा प्रश्न, वस्तू जाऊ कुठे शकते? सगळे व्हॉल्व्ह बंद होते, प्लगच्या भोकांत कुठे प्लग होते, तर एकात हवेची नळी बसवलेली होती. म्हणजे सिलिंडरमध्ये जायला वाटच नव्हती. हेडवरून ऑइल खाली चेंबरमध्ये जाण्याची जी भोके असतात, ती कापडाच्या बोळ्यांनी बंद होती. ते बोळेही आम्ही मोजूनच घालतो, कारण आत विसरलेले कापड कॉटरपेक्षा वाईट. उरल्या दोन जागा, एक जमीन आणि दुसरी साखळीचा बोगदा. त्या बोगद्यात साखळी तारेने टांगून ठेवावी लागते, त्यामुळे कापड कितीही कोंबले तरी फट राहतेच.

जमीन झाडली, कचऱ्यावरून चुंबक फिरवला. शर्टाच्या बाह्या, खिसे, पुसायची फडकी, सगळे झटकले. काही नाही. हेडवरचा एकेक खळगा पाहिला. काही नाही. मग मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा साखळीच्या बोगद्यात सोडला. खाली, क्रँकच्या दातेरी चाकाच्या अगदी वर, साखळीच्या गाइडच्या कडेवर तो तुकडा बसला होता.

तिथे नुसते दोन दात इंजिन फिरले असते तर तुकडा साखळी आणि चाक यांच्या मध्ये गेला असता. मग साखळी दात सोडते, व्हॉल्व्हची वेळ चुकते आणि अशा इंजिनात पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. डब्यातला जुना कॉटर घालून गाडी दिली असती तर हे सगळे रस्त्यावर, प्रवासी बसलेले असताना घडले असते.

तुकडा दिसला, पण निघेना. चुंबकाची काठी आत घातली की ती वाटेत साखळीलाच चिकटायची. तीनदा तसेच झाले. तेव्हा तोच पोरगा वायपरच्या पाण्याची रबरी नळी घेऊन आला. त्याने चुंबकाच्या टोकावर ती अशी चढवली की टोक किंचित आत राहिले आणि बाजू सगळ्या झाकल्या गेल्या. बाजूंनी ओढ कमी झाली, समोर तेवढी राहिली. काठी साखळीजवळून सरकत खाली गेली आणि कॉटर घेऊन वर आली. जोडीच्या तुकड्याशी लावून पाहिला, कुठे टवका उडालेला नव्हता. आठ भरले. चौथ्या सिलिंडरचे काम उरकले, सगळे बोळे मोजून काढले, जुळणी केली. मग हवेची नळी आणि प्लग काढून इंजिन हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे एक चक्र पूर्ण होते. कुठे अडले नाही. त्यानंतरच प्लग बसवून बॅटरी जोडली.

या शोधात तीन तास गेले. टॅक्सीवाले काका संध्याकाळच्या भाड्याची वाट पाहत होते. त्यांच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे. ते चिडले, "एवढ्याशा तुकड्यासाठी?" त्यांचे भाडे बुडाले हे खरे आहे. आम्ही त्यांना कॅमेऱ्यातले चित्र दाखवले आणि त्या तीन तासांची मजुरी लावली नाही.

इथे खरा वाद सुरू होतो. ते तीन तास कोणाच्या खात्यावर टाकायचे? बाहेरचा मिस्त्री जाताना म्हणाला, "पोराचे दोन दिवस कापा, म्हणजे पुढच्या वेळी हात नीट चालेल." ही रीत त्याने शोधलेली नाही. आमच्यातले तिघे ज्या ज्या गॅरेजांत हेल्पर म्हणून वाढले, तिथे हेच चालायचे. वस्तू पडली की मजुरी कापायची आणि वर चारचौघांत शिवी द्यायची. त्याचा परिणाम काय व्हायचा? हात नीट चालायचे का? नाही. पोरे मोजणे सोडून द्यायची. मोजलेच नाही तर कमी भरण्याचा प्रश्नच नाही. आणि मोजून कमी भरलेच, तर डब्यातला जुना तुकडा असतोच.

मजुरी कापण्याने पडणे थांबत नाही, सांगणे थांबते. स्प्रिंगला पोराच्या पगाराची भीती नसते. भीती असते ती पोराच्या जिभेला.

काही जण म्हणतील, ही गॅरेजची भाबडी गोष्ट झाली, मोठ्या कामात असे चालत नाही. उलट जिथे जीवाचा प्रश्न असतो, तिथेच हे सर्वांत आधी उमगले आहे. अमेरिकेच्या कार्ल विन्सन या विमानवाहू नौकेवरची एक हकीकत सुरक्षिततेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. डेकवर काम करणाऱ्या एका साध्या खलाशाचे एक अवजार हरवले. जेट इंजिनाने ते आत ओढले तर विमान जाते. त्याने स्वतः जाऊन सांगितले. हवेत असलेली विमाने जमिनीवरच्या तळांकडे वळवावी लागली, अवजार सापडेपर्यंत काम थांबले. दुसऱ्या दिवशी त्या खलाशाचा सर्वांसमोर गौरव झाला. जो खर्च झाला तो त्याच्या पगारातून वळता केला असता, तर पुढचे अवजार कोणी कळवले असते?

नागरी विमान वाहतुकीत अमेरिकेने १९७६ साली चुका कळवण्याची एक व्यवस्था सुरू केली. अहवाल घेण्याचे काम दंड करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे दिले. अनवधानाने घडलेली चूक ठरलेल्या मुदतीत कळवली, तर दंडातून सूट मिळते. जाणूनबुजून केलेल्या कृत्याला आणि गुन्ह्याला ती सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या तपाससूचीतही रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अवजारे, कापडी बोळे आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचे तोंडी सांगावे लागते. ते सांगण्याचे काम परिचारिकेकडे आहे. सर्जन कितीही मोठा असो, मोजदाद जुळल्याचे ती सांगते.

"मग निष्काळजीपणाला मोकळे रान द्यायचे का?" हा प्रश्न रास्त आहे. पण पडणे वेगळे, लपवणे वेगळे. तुकडा हातातून सुटला हा कामाचा भाग आहे, त्याचा खर्च धंद्याने सोसायचा. तुकडा आत आहे हे माहीत असून टॅपेट कव्हर बंद करणे हा गुन्हा आहे, आणि "कर बंद" म्हणणारा त्यात पहिला आरोपी. आपल्याकडे शिक्षा नेमकी उलटी होते. सांगणारा कापला जातो, बंद करायला लावणारा हुशार ठरतो.

कायद्याचेही बघा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नुकसानीपोटी मजुरी कापण्यावर दोन बंधने घातली. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय ती करू नये. २०१९ च्या वेतन संहितेतही ही दोन्ही बंधने आहेत. छोट्या गॅरेजच्या दारापर्यंत कायदा किती पोहोचतो हे आपण जाणतो. पण आधी बाजू ऐका, मग बोला, एवढे तत्त्व पाळायला कोणत्या निरीक्षकाची वाट पाहायची?

आम्ही पोराची मजुरी कापली नाही. रबरी नळी चढवलेली ती काठी मात्र आता कायमची अवजारांच्या फळीवर टांगलेली आहे. आणि गॅरेजचा नियम ठरला आहे. सुटे भाग थाळीत मोजून ठेवायचे, आकडा खडूने लिहायचा. आकडा जुळत नसेल, तर इंजिन बंद न करण्याचा हुकूम कोणीही देऊ शकतो, हेल्परसुद्धा, आणि तो मालकालाही मोडता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी गॅरेजात असेल, कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्यात, कोणी संघटनेची वर्गणी सांभाळत असेल. काही हरवले की पहिल्यांदा विचारा, किती होते. मग विचारा, किती आहेत. "कोणी पाडलं" हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर ठेवा. पहिल्या दोन प्रश्नांची खरी उत्तरे हवी असतील, तर तिसऱ्याची भीती काढून टाकावीच लागेल.