नापसंती आणि अप्रीति

पेन्शन घेतलेल्या मास्तराला गांव सहसा विसरत नाहीं. आमच्या पिंपळगांव बसवंतांत कांद्याचे लिलाव चालू असोत कीं द्राक्षांच्या छाटणीची घाई असो, कोणी ना कोणी एखादा अर्ज, एखादी नोटीस किंवा अडलेला एखादा शब्द घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतोच. आमचें शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. पण लहानपणीं वडिलांनीं अमरकोश पाठ करून घेतला होता, आणि पुढें तर्खडकरांच्या भाषांतरमालेनें इंग्रजीची गोडी लाविली. या दोन शिदोऱ्यांवर आम्हीं तीस-बत्तीस वर्षें मुलें शिकविलीं. त्यामुळें दोन शब्दांतला भेद कोणी विचारला, कीं आमचा उत्साह अजूनहि आवरत नाहीं. गेल्या वर्षीं गणपतीच्या दिवसांत मात्र अशाच एका शब्दभेदानें आमचीच परीक्षा घेतली. ती हकीकत, एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून, येथें देत आहों.

प्रथम घरची स्थिति सांगणें प्राप्त आहे. वडील गेल्यावर आम्ही दोघे भाऊ पुष्कळ वर्षें एकाच चुलीवर जेवलों. चार वर्षांपूर्वीं धाकट्या बंधूंनीं नाशकास स्वतंत्र बिऱ्हाड करण्याचें ठरविलें. कारण गैर नव्हतें. त्यांची नोकरी तेथें, मुलांचें शिक्षण तेथें, आणि रोज सुमारें ३० किलोमीटर जाणें व तितकेंच परत येणें, हें पन्नाशी उलटल्यावर त्यांना झेपेना. तरीहि आम्हांस तें रुचलें नाहीं. "हें आम्हांला पसंत नाहीं," एवढेंच आम्ही बोललों, आणि पुढें बोलणेंच खुंटलें. भांडण झालें नाहीं, वांटणीचा कागद झाला नाहीं. दिवाळीला आमचें कुटुंब फराळाचा डबा धाडी, तिकडून भाऊबिजेची ओंवाळणी येई; पण आम्ही स्वतः कधीं त्यांच्या दारीं गेलों नाहीं, कीं फोनवर 'कसा आहेस' म्हणून विचारलें नाहीं. मनाला समाधान एवढेंच, कीं आपण एकहि कठोर शब्द उच्चारला नाहीं.

बंधूंचा मुलगा नाशकास कायद्याचा अभ्यास करतो. गौरी-गणपतीला तो एकटाच आला. रात्रीं आरती आटोपल्यावर पुस्तक घेऊन आमच्याजवळ बसला आणि म्हणाला, "अण्णा, 'डिसॅफेक्शन' आणि 'डिसॅप्रोबेशन' या दोन शब्दांत नेमका फरक कोणता? मला तर दोहोंचाहि अर्थ नाराजी असाच वाटतो."

आम्ही खुलून गेलों. त्याला म्हटलें, "कोश शब्दांना शेजारी शेजारी बसवितो, पण शेजाऱ्यांचे स्वभाव वेगळे असतात हें तो सांगत नाहीं. तें प्रत्येकाच्या घरीं जाऊन पाहावें लागतें. अमरसिंहानें क्रोधाचे कितीतरी शब्द एका रांगेंत मांडले. म्हणून काय अमर्ष आणि कोप एकच? अमर्षांत सहन न होण्याची वेदना आहे. कोपांत ती असेलच असें नाहीं. इंग्रजींतहि तसेंच. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला गोष्टींत रस नाहीं तो, आणि 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा तींत स्वार्थ नाहीं तो. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा हवा. पहिल्या प्रकारचा भेटला तर पक्षकाराचें दैव फिरलें म्हणावयाचें!"

तो हंसला, पण त्याचे दोन शब्द साधे नव्हते. ते राजद्रोहाच्या कलमांतले होते, आणि त्या कलमाशीं आपल्या महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे. इंडियन पीनल कोडांत १२४-अ हें कलम १८७० सालीं घालण्यांत आलें. सरकारविषयीं 'डिसॅफेक्शन' उत्पन्न करणें हा गुन्हा. परंतु सरकारच्या कृत्यांविषयीं 'डिसॅप्रोबेशन', म्हणजे नापसंती, दर्शविणें हा गुन्हा नव्हे, असा खुलासा त्याच कलमाला जोडलेला होता. सगळी मेख या दोन शब्दांमधल्या रेषेंत होती. १८९१ सालीं कलकत्त्यास 'बंगबासी' पत्रावरील खटल्यांत सरन्यायाधीश पेथेराम यांनीं सांगितलें, कीं डिसॅफेक्शन म्हणजे प्रीतीच्या उलट असलेली भावना, अर्थात् तिटकारा किंवा द्वेष. आणि डिसॅप्रोबेशन म्हणजे केवळ नापसंती. माणसाला एखाद्याचें करणें नापसंत असूनहि तो माणूस आवडूं शकतो, हें त्यांना मान्य होतें.

पुढें १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकांतील मजकुराबद्दल मुंबईच्या हायकोर्टांत खटला झाला. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीला शब्दाचा अर्थ समजावून देतांना सांगितलें, कीं डिसॅफेक्शन म्हणजे प्रीतीचा अभाव. त्या अभावाच्या पोटांत द्वेष, वैर, तिरस्कार हे सगळे त्यांनीं घातले खरे. पण 'अभाव' हा शब्द मोकळा सुटला तो सुटलाच. ज्यूरीच्या ९ जणांपैकीं ६ यूरोपियनांनीं टिळकांना दोषी ठरविलें, ३ हिंदी सभासदांनीं निर्दोषी म्हटलें, आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजीं दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांची सुटका लवकर व्हावी म्हणून जे अर्ज झाले, त्यांत मॅक्सम्युल्लरसारखे संस्कृतज्ञहि होते, हें आम्हां संस्कृताभिमान्यांना विसरतां येत नाहीं.

आम्हीं पुतण्याला म्हटलें, "यांत चूक कोठें झाली तें आपलें व्याकरण सांगतें. नञ्-समासांतल्या 'अ'चे सहा अर्थ वैयाकरणांनीं सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अमित्र' म्हणजे मित्र नसलेला वाटेल तो मनुष्य नव्हे. रस्त्यानें जाणारा अनोळखी इसम आपला अमित्र होत नाहीं. अमित्र म्हणजे शत्रु. येथें 'अ' विरोधाचा आहे. तसेंच 'अधर्म' म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, धर्माच्या उलट आचरण. आतां 'अनुदरा' घे. ज्या मुलीला पोट नाहीं ती नव्हे. जिचें पोट बारीक आहे ती. येथें 'अ' अल्पतेचा. पेथेराम साहेबांनीं 'डिस्' हा विरोधार्थी घेतला, आणि स्ट्रॅची साहेबांनीं अभावार्थी. अप्रीतीचा अर्थ अभाव असा केला, तर कोट्यवधि प्रजा एका रात्रींत गुन्हेगार ठरते. कारण कोणत्याहि सरकारवर प्रीति करणारे असे किती सांपडणार?"

तो भराभर टिपून घेत होता. आम्हीहि थांबलों नाहीं. १८९८ सालीं कायदा दुरुस्त झाला आणि डिसॅफेक्शनांत राजनिष्ठेचा अभाव व सर्व प्रकारच्या वैरभावना येतात असें त्यांत लिहिलें गेलें. १९०८ सालीं टिळकांवर दुसरा खटला झाला, तेव्हां त्यांनीं स्वतःच कित्येक दिवस आपली बाजू मांडली. 'केसरी'तल्या मराठी शब्दांचें सरकारी इंग्रजी भाषांतर सदोष आहे, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. ज्यूरीनें ७ विरुद्ध २ अशा मतांनीं दोषी ठरविलें आणि २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींनीं त्याच कलमाखालीं गुन्हा कबूल करतांना सांगितलें, कीं प्रीति ही कायद्यानें निर्माण करतां येत नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९६२ सालीं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें कलम राखलें, पण हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक शांततेचा भंग यांच्यापुरतेंच तें आंखडलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तिच्या १५२ व्या कलमांत 'डिसॅफेक्शन' हा शब्द उरलेला नाहीं. 'डिसॅप्रोबेशन' मात्र खुलाशांत अजून जागच्या जागीं आहे.

"तेव्हां लक्षांत ठेव," आम्हीं समारोप केला, "नापसंती कृत्याची असते, अप्रीति माणसाविषयीं असते. आपल्या मराठीला हा भेद उपजत कळतो. संस्कृतांत 'राग' म्हणजे रंग किंवा आसक्ति, आणि 'लोभ' म्हणजे हांव. मराठीनें दोहोंचीं घरें बदललीं. आपण रागावतों तो कोप, आणि पत्राच्या शेवटीं 'लोभ असावा' लिहितों तो जिव्हाळा. शिवाय 'रागलोभ' असा जोडशब्द करून दोघांना एका घरांत नांदविलें. राग आहे म्हणून लोभ गेला, असें मराठी माणूस मानीत नाहीं."

पुतण्यानें वही मिटली. थोडा वेळ गप्प बसून, खालीं पाहत तो म्हणाला, "अण्णा, रागवूं नका. बाबा घरीं एकदां म्हणाले होते, कीं अण्णा रागावले असते तर बरें झालें असतें. त्यांचा आमच्यावरचा लोभच संपला."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याला झोंपावयास धाडून आम्ही बराच वेळ ओट्यावर बसून राहिलों.

पहिला विचार आला तो स्वतःच्या बचावाचा. आम्हीं तर फक्त नापसंती दर्शविली. तिची अप्रीति बंधूंनीं केली. स्ट्रॅची साहेबांची चूक त्यांनीं केली. आमचा काय अपराध? पण मास्तरकीची संवय अशी, कीं दुसऱ्याचें उत्तर तपासतां तपासतां आपलेंहि तपासलें जातें. कायद्यांतला तो खुलासा पुन्हां आठवला. सरकारच्या कृत्याविषयीं नापसंती दर्शवावयाची ती कशाकरितां, तर तें कृत्य कायदेशीर मार्गानें बदलून घेण्याकरितां, असें त्यांत म्हटलें आहे. म्हणजे नापसंतीला तोंड असतें आणि हेतूहि असतो. ती समोर येऊन बोलते, ऐकून घेते, पुन्हां बोलते. आम्हीं काय केलें? एक वाक्य बोललों आणि चार वर्षें मुकाट्यानें बसलों. त्या मौनानें कांहीं बदलावें असा हेतूहि नव्हता. प्रकृति विचारली नाहीं, मुलांच्या निकालाला पेढे मागितले नाहींत, घर पाहावयास गेलों नाहीं. बाहेरून पाहणाऱ्याला जें दिसत होतें, त्याला प्रीतीचा अभाव याहून दुसरें नांव कोणतें द्यावयाचें? न्यायमूर्तींची व्याख्या व्याकरणानें चुकली असेल. पण आमच्या घरापुरती ती आम्हीं आपल्या वागणुकीनें खरी करून दाखविली होती. बंधूंनीं शब्दाचा अर्थ चुकीचा लाविला नाहीं. आम्हींच त्यांच्यापुढें चुकीचा शब्द ठेविला होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं बंधूंना पत्र लिहिलें. फोन हाताशीं होता. पण चार वर्षांचें न बोललेलें फोनवर बोलतां येईना. पत्रांत सरळ लिहिलें: "तूं वेगळें बिऱ्हाड केलेंस हें मला तेव्हां पसंत नव्हतें, आजहि नाहीं. याबद्दल तुझ्याशीं मोकळेपणीं वाद घालावयाचा होता, तो मीं घातला नाहीं, ही माझी चूक. परंतु तुझ्यावरचा लोभ तिळभरहि कमी झालेला नाहीं. तो दाखविण्यांत मीं कसूर केली, याची मला लाज वाटते." शेवटीं नेहमींच्या संवयीनें 'लोभ असावा' लिहूं लागलों आणि लेखणी थांबली. जन्मभर हे दोन शब्द आपण किती सहज लिहीत आलों! त्या दिवशीं ते प्रथमच विचार करून लिहिले.

पत्र पुतण्याबरोबर धाडलें. उत्तर आलें नाहीं. आठ दिवस आम्ही रोज टपालाची वाट पाहिली आणि मग पाहणें सोडलें. पितृपक्षांत वडिलांच्या तिथीला सकाळीं नऊच्या सुमारास दारांत गाडी थांबली. बंधू, भावजय आणि दोन्ही मुलें उतरलीं. बंधूंनीं ओट्यावर चपला काढल्या, विहिरीवर पाय धुतले आणि आंत येऊन सोंवळें नेसूं लागले; जणूं कालच येथून गेले होते. पत्राचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं, आम्हींहि केला नाहीं. पिंडदान आटोपल्यावर पानांवर बसलों, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "अण्णा, आमचें बिऱ्हाड नाशकासच राहील हो."

"तें मला पसंत नाहीं," आम्ही म्हणालों.

"ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि त्यांनीं खिरीची वाटी आमच्याकडे सरकविली.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही उभयतां नाशकास त्यांच्या घरीं राहून आलों. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि देवघर आमच्या मतें चुकीच्या दिशेला आहे. तसें आम्हीं बंधूंना स्पष्ट सांगितलें.