पोराला विचारलं का?

परवा मावसबहिणीशी फोनवर बोलताना आयपीएलच्या लिलावाचा विषय निघाला, आणि मी उत्साहाने तिला आमच्याकडच्या 'ड्राफ्ट'बद्दल सांगायला गेले. फोनवर ते काही धड जमलं नाही. "लिहून काढ बाई, सावकाश वाचीन," म्हणाली. तर हे घ्या.

ओटावात राहायला येऊन २० वर्षं उलटून गेली. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपली हॉकी सांगायची तर 'फील्ड हॉकी' असं मुद्दाम म्हणावं लागतं, ध्यानचंदांच्या देशातून येऊनसुद्धा! असो.

एनएचएलमधले संघ दर जूनमध्ये अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आपापसांत वाटून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या मोसमात जे संघ तळाला, ते रांगेत पुढे (अगदी पहिल्या नंबरांसाठी सोडत असते). बोली नाही, हातोडा नाही. लिलावात ज्याचा खिसा जड त्याचा खेळाडू. इथे ज्याचे हाल जास्त त्याला आधी संधी. कल्पना चांगली आहे, नाहीतर श्रीमंत संघांनीच सगळी गुणी पोरं उचलली असती. आयपीएलनेही २००८ साली एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी असाच ड्राफ्ट केला होता. त्यात दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगलोरकडे गेला.

त्याच वर्षी, २० आणि २१ जूनला, एनएचएलचा ड्राफ्ट आमच्याच गावात होता. सासूबाई उन्हाळ्यासाठी नाशिकहून आल्या होत्या. त्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टीव्हीवर काहीही चालू असलं तरी त्या मन लावून बघत. खाली मैदानात संघांची टेबलं, वर खुर्च्यांवर सूट घातलेली पोरं आणि त्यांचे आईबाप. नाव पुकारलं की पोरगं उठतं, आईला मिठी मारतं, स्टेजवर जाऊन संघाचा शर्ट आणि टोपी घालतं.

त्या वर्षी बचावपटूंचं पीक जोरदार होतं. दोन ते पाच नंबरांवर लागोपाठ चार बचावपटूच गेले. बाराव्या नंबरचा टायलर मायर्स तर पावणेसात फुटांच्या जवळ! सगळ्यांना अशीच दांडगी पोरं हवी असत. बचावपटूचं काम म्हणजे समोरच्याला अडवणं, ढकलणं, कठड्यावर दाबणं.

आमच्या सेनेटर्सचा नंबर होता अठरावा. पण त्यांनी नॅशव्हिलला पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची निवड वर देऊन पंधरावी जागा मिळवली. मग नाव पुकारायला आला तो कर्णधार डॅनियल आल्फ्रेडसन. हा स्वतः स्वीडनचा, योटेबोरीच्या फ्रोलुंडा क्लबचा. १९९४ साली त्याला घेतलं तेव्हा त्याचा नंबर १३३ वा होता. पुढे तोच या गावाचा लाडका झाला. त्याने नाव घेतलं एरिक कार्लसनचं. तोही फ्रोलुंडाचाच, लाँड्सब्रू नावाच्या छोट्या गावातला. अठरा पूर्ण होऊन तीन आठवडे झालेले. शर्ट घातला तर खांद्यावरून ओघळतोय की काय असा बारीक. त्याच्या आधी सहा बचावपटू निवडले गेले होते.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या पोराला कुणी विचारलं का, तुला कुठल्या गावी राहायचंय ते?"

"नाही आई, इथे विचारत नाहीत."

"मग आमच्या वेळच्या कांदेपोह्यांसारखंच की. आम्हाला निदान मुलाचं गाव तरी आधी माहीत असायचं."

मी हसले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मी स्वतः नाशिक सोडलं ते माझ्या मर्जीने. तरी विमानतळावर बाबांचा चेहरा कसा होता ते आठवतंच. टीव्हीवरच्या त्या आया टाळ्या वाजवत होत्या, आणि पोरगं कुठल्या गावाला जाणार ते त्यांनाही त्याच क्षणी कळत होतं.

आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे, इथल्या मुलांच्या लीगमध्ये बचावाला खेळत. वर्गात सगळ्यात लहानखुरे. त्यांच्या एका प्रशिक्षकांचं मत होतं की या अंगकाठीला बचाव झेपायचा नाही. त्या रात्रीपासून आमच्या घरात "कार्लसन पण बारीकच आहे" हे ब्रह्मवाक्य झालं :-)

कार्लसनचा खेळ मुळात अडवण्याचा नव्हताच. चकती स्वतःच्या गोलाजवळून घ्यायची आणि सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचायचं, किंवा असा पास द्यायचा की समोरच्याला वळायलाही वेळ मिळू नये. २००९ साली तो इथे आला. २०१२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला. तारीख २० जून! पुढच्या वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या स्केटच्या पात्याने त्याच्या घोट्यामागची शीर कापली गेली. मोसम संपला असं सगळे म्हणत होते, तर पठ्ठ्या दहा आठवड्यांत परत बर्फावर. २०१४ ला कर्णधार, २०१५ ला दुसरा नॉरिस. २०१७ साली टाचेच्या हाडाला तडे गेलेले असताना त्याने संघाला अंतिम फेरीपासून एका गोलवर नेलं. पिट्सबर्गविरुद्ध सातवा सामना, दुसरा जादा वेळ, आणि ख्रिस कुनिट्झचा गोल. त्या रात्री आमच्या घरी जेवण तसंच टेबलावर राहिलं.

त्याच वर्षी चिरंजीव व्हँकुव्हरला शिकायला गेले. चार विद्यापीठांतून त्यांनी ते स्वतः निवडलं. मी फॉर्मवरची सही पाहिली फक्त.

१३ सप्टेंबर २०१८ ला सेनेटर्सनी कार्लसनला सॅन होजेला देऊन टाकलं. करार संपत आला होता, संघ नव्याने उभारायचा होता, व्यवहाराचं सगळं गणित मला कळतं. काही मोजक्या संघांना नकार देण्याची सोय त्याच्या करारात होती, एवढंच. पत्रकारांसमोर बोलताना तो भावुक झाला. सासूबाई तोवर गेल्या होत्या. नाहीतर तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला असता, आणि माझं उत्तरही बहुतेक तेच असतं.

२०१९ मध्ये सॅन होजेशी नवा करार करताना मात्र त्याने अट घालून घेतली: माझ्या संमतीशिवाय मला कुठेही हलवायचं नाही. २०२३ साली त्याने १०१ गुण करून तिसरा नॉरिस जिंकला, आणि ऑगस्टमध्ये तो पिट्सबर्गला गेला. हो, त्याच पिट्सबर्गला! पण या वेळी त्याने होकार दिल्यावर. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. मी हे चिरंजीवांना फोन करून सांगितलं, तर म्हणे, "आई, मला माहितेय." त्यांच्याकडे अजून ६५ नंबरचा शर्ट आहे, लहानपणचा, आता कोपरापर्यंतच येणारा.

आणि कार्लसनच्या बदल्यात ओटावाला जे मिळालं त्यात सॅन होजेची २०२० ची पहिल्या फेरीची निवड होती. सॅन होजे त्या मोसमात इतकं घसरलं की ती निवड तिसऱ्या नंबरची झाली. ड्राफ्ट त्या वर्षी कोविडमुळे ऑक्टोबरमध्ये, घरोघरी पडद्यांवर. ओटावा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि 'जेपर्डी'चे सूत्रसंचालक अॅलेक्स ट्रेबेक यांनी व्हिडिओवरून नाव वाचलं: टिम श्टुत्सले. जर्मनीतल्या फिअर्सेन गावचा. वय वर्षं अठरा.