दिव्याचा खटका

मोटारीच्या छतातील दिवा दार उघडताच लागतो आणि दार मिटताच विझतो. ही सोय चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसासाठी केलेली असते. गाडीत बसून राहणाऱ्याचा विचार तीत असतोच असे नाही. बहुतेक गाड्यांत त्या दिव्याला हाताने लावण्याचा खटका असतो खरा, पण तो पुढे, आरशाजवळ. काही जुन्या गाड्यांत तोही नसतो.

सांगलीच्या एका कुटुंबात अशीच जुनी गाडी होती. घरातील आई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, दम्याच्या रुग्ण. पुण्याच्या लेकीकडून परतताना रात्री खंबाटकी घाटात त्यांचा पंप मांडीवरून घसरून खाली गेला. पुढे ट्रकांची रांग असल्याने गाडी जेमतेम सरकत होती. एकाएकी आतला दिवा लागला. मुलाने दचकून मागे पाहिले, तो आईंनी एका हाताने चालत्या गाडीचे दार किलकिले धरले होते आणि दुसऱ्या हाताने त्या पायाशी चाचपडत होत्या. हाक मारण्याइतका श्वासच त्यांच्यापाशी उरला नव्हता.

गाडी कडेला घेतली गेली, पंप सापडला. मग मुलगा रागावला, "आई, अगं पडली असतीस!"

"अरे, दार उघडल्याशिवाय तुझा दिवा लागतो कुठे?"

त्या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात गाडी इलेक्ट्रिशियनकडे गेली.

काम वाटले त्याहून सोपे निघाले. त्या गाडीत दिव्याला बॅटरीचा करंट सदैव मिळत असे. दाराच्या चौकटीतील बटण केवळ अर्थची बाजू जोडत वा तोडत असे. तेव्हा दिव्याकडून त्या बटणाकडे जाणाऱ्या तारेला एक फाटा काढावा आणि तो नव्या खटक्यातून गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडावा, एवढेच करायचे होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे 'दोघांपैकी कोणाचीही सही चालेल' अशा प्रकारचे संयुक्त खाते. दार किंवा खटका, एकाची सही झाली की दिवा लागतो. खटका त्याच तारेच्या मध्ये बसवला असता, तर दोघांच्याही सह्या आवश्यक ठरल्या असत्या आणि आईंना पुन्हा दारच उघडावे लागले असते. (नव्या गाड्यांतील दिवे बहुधा संगणकीय नियंत्रकाच्या ताब्यात असतात, तेथे तारेला हात लावण्यापूर्वी जाणकारास विचारलेले बरे.)

वेळ गेला तो खटका निवडण्यात. इलेक्ट्रिशियनने एक चकचकीत गोल बटण पुढे केले. आईंनी ते दाबून पाहिले आणि परत दिले. बटण चालू आहे की बंद, हे बोटाला कळत नव्हते. त्यांना घरातल्यासारखा, एका बाजूला कलणारा खटका हवा होता. "आजींचं बरोबर आहे," म्हणत त्याने तसा शोधून आणला आणि त्यांना मागच्या आसनावर बसवून, हात आपसूक जातो तेथेच बसवला.

मुलाची अडचणही खोटी नव्हती. आत उजेड असला की पुढच्या काचेवर त्याचे प्रतिबिंब पडते आणि अंधारातील रस्ता नीट दिसत नाही. म्हणून ५ वॅटचा बल्ब काढून मंद एलईडी घातला गेला. त्याने आणखी एक हिशेब सुटला. १२ व्होल्टवर ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो. रात्रभर, म्हणजे १० तास विसरला, तर ४ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी ते सोसते, थकलेली सकाळी मान टाकू शकते. एलईडीचा खर्च त्याहून पुष्कळच कमी.

"पण आई, उतरताना बंद करायला विसरशील," मुलाने शंका काढलीच.

"या घरातले दिवे पन्नास वर्षं कोण मालवतंय?"

तरीही गाडीला कुलूप लावण्यापूर्वी तो मागच्या काचेतून एकदा आत डोकावतो.