एक वर्ष थांबावे काय?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम जानेवारीत संपत आला, म्हणजे तेथील वृत्तपत्रांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. अमुक विद्यापीठाचा नामांकित क्वार्टरबॅक आता धंदेवाईक संघात जाणार, की आणखी एक वर्ष विद्यार्थीच राहणार? निर्णय घ्यावयाचा तो वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने. परंतु मत देण्यास सारा देश मोकळा असतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले व नातवंडे आज त्या देशात शिकत असल्यामुळे हा वाद त्यांच्या कानांवरून गेला असेल. वरवर पाहता तो खेळाचा वाद आहे खरा. पण दाराशी आलेली मिळकत आधी घ्यावी की विद्याभ्यास आधी पुरा करावा, हा प्रश्न ज्या घरात कधीच उपस्थित झाला नाही असे घर आमच्या वर्गात विरळाच. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा नावाने पायाचा, पण वस्तुतः बव्हंशी हाताचा खेळ आहे. अकरा-अकरा गड्यांचे दोन पक्ष. ज्याच्याकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जावा, असा मुख्य नियम. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो कोणाकडे फेकावा, कोणाच्या हाती द्यावा, की स्वतःच घेऊन धावावे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचे. आणि तो ते ठरवीत असता सव्वाशे किलो वजनाचे गडी त्यास आडवा पाडण्यासाठी धावून येत असतात. सारांश, ह्या स्थानी बाहुबलापेक्षा परिपक्व बुद्धीचे काम अधिक, आणि शरीरास धोका मात्र सतत.

आता धंद्याचा नियम असा की, शाळा सोडल्यापासून तीन वर्षे लोटल्याखेरीज नॅशनल फुटबॉल लीगमध्ये कोणास प्रवेश नाही. पुढे लीगचे ३२ संघ ‘ड्राफ्ट’ नावाच्या वार्षिक निवडीत ७ फेऱ्यांमध्ये नवे खेळाडू वाटून घेतात. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली निवड मिळते, आणि खेळाडूचा क्रमांक जितका वर तितका त्याचा करार मोठा. महाविद्यालयात खेळण्याची मुदत सामान्यतः चार हंगामांची असल्यामुळे, तिसरे वर्ष संपताच गुणी मुलापुढे दोन वाटा उभ्या राहतात.

‘थांबू नये’ म्हणणाऱ्यांपाशी उदाहरणे पुष्कळ आहेत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मॅट लाइनार्टने २००४ साली हाइझमन हा सर्वोच्च मान मिळविला, आणि तरीही तो एक वर्ष राहिला. जानेवारी २००६ मधील अंतिम सामना त्याच्या संघाने टेक्ससकडून ४१–३८ असा गमावला, व पहिल्या क्रमांकाची आशा असलेला हा तरुण दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच विद्यापीठाचा मॅट बार्कली २०१२ च्या हंगामासाठी थांबला; हंगामाच्या अखेरीस त्याच्या खांद्यास दुखापत झाली व २०१३ साली चौथ्या फेरीपर्यंत त्यास कोणी घेतले नाही. ओक्लाहोमाचा सॅम ब्रॅडफर्ड हाही हाइझमनचा मानकरी. तो २००९ साली थांबला आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा उजवा खांदा दुखावला. तो नशिबाचा म्हणून पुढील वर्षी पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला; पण असे दैव सर्वांचेच नसते.

‘थांबावे’ म्हणणाऱ्यांची झोळीही रिकामी नाही. टेनेसी विद्यापीठाच्या पेटन मॅनिंगने तीन वर्षांतच पदवी मिळविली होती. तरी १९९७ चा हंगाम तो तेथेच खेळला, आणि १९९८ साली पहिला निवडला जाऊन पुढे ह्या खेळातील अग्रगण्य पुरुषांत गणला गेला. स्टॅनफर्डचा अँड्र्यू लक २०११ साली पहिला निवडला जाणार हे जवळपास ठरल्यासारखे होते. तो वास्तुरचनेचा अभ्यास पुरा करण्यासाठी राहिला व २०१२ साली पहिलाच निवडला गेला. लुइझियाना स्टेटच्या जो बरोची २०१८ साली गणना सामान्यांत होती. पुढच्या एका वर्षात त्याने ६० टचडाउन फेकले, हाइझमन जिंकले आणि २०२० साली पहिले स्थान पटकाविले.

ही उदाहरणे समोरासमोर मांडली की एक गोष्ट उघड होते. फळावरून निर्णयाची पारख करू गेल्यास कोणताही सिद्धांत सिद्ध करिता येतो. लाइनार्ट घसरला तो थांबल्यामुळेच घसरला, असे कशावरून? कदाचित त्या जादा वर्षात परीक्षकांनी त्याला अधिक न्याहाळले, आणि जे उणे आधी झाकलेले होते ते उघडे पडले, एवढेच. बरोच्या बाबतीत जे गुण झाकलेले होते ते उघडे पडले. जादा वर्ष हे दान देत नाही व दंडही करीत नाही. बव्हंशी ते फक्त परीक्षा घेते. जो परीक्षेस भितो, त्याने घाईने धंद्यात शिरून ती टळत नाही. ती तेथे अधिक निष्ठुर परीक्षकांपुढे होते, इतकाच फरक.

द्रव्याचा हिशेबही लोक समजतात तितका सरळ नाही. २०१० साली ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लक्ष डॉलरांचा करार मिळाला, पैकी ५ कोटींची हमी होती. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंचा संघ ह्यांच्यात नवा करार होऊन नवोदितांच्या वेतनास मर्यादा पडली. २०११ च्या पहिल्या क्रमांकास, म्हणजे कॅम न्यूटनला, चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लक्ष मिळाले. खरी मोठी कमाई तेव्हापासून दुसऱ्या करारात असते. सबब जो एक वर्ष थांबतो तो पहिल्या वर्षाचे लहान वेतन गमावीत नाही. तो आपल्या कारकिर्दीच्या भरातील एक मोठे वर्ष पणास लावतो. हा पण लहान नव्हे, आणि थांबण्याचा उपदेश करणारांनी तो लपवू नये.

परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही आता वजन पडले आहे. पूर्वी विद्यार्थी-खेळाडूस शिष्यवृत्तीपलीकडे छदाम घेण्याची बंदी होती. विद्यापीठे मात्र त्याच्या घामावर कोट्यवधी डॉलर मिळवीत. १ जुलै २०२१ पासून आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मुभा त्यास मिळाली. आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना स्वतःच खेळाडूंस वर्षाकाठी, प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरांपर्यंत, वाटून देता येऊ लागले. ह्यामुळे ड्राफ्टच्या अखेरच्या फेऱ्यांत निवडल्या जाणाऱ्या क्वार्टरबॅकपेक्षा महाविद्यालयातील नामांकित क्वार्टरबॅकची प्राप्ती अधिक असणे आता अशक्य राहिलेले नाही. टेक्ससचा क्विन यूअर्स महाविद्यालयीन मुदत शिल्लक असता २०२५ च्या ड्राफ्टमध्ये उतरला, आणि सातव्या, म्हणजे अखेरच्या फेरीत निवडला गेला. घराची ओढग्रस्त म्हणून मुलास घाईने धंद्यात लोटावे, हा जो एके काळी बिनतोड युक्तिवाद होता, त्याची धार क्वार्टरबॅकपुरती तरी पुष्कळ बोथट झाली आहे.

मग पदवीचे काय? आमच्यासारख्या घरांत ह्या शब्दाभोवती एक तेजोवलय असते. तरी सत्य सांगितले पाहिजे की, केवळ पदवी हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. पदवी मागाहूनही पुरी करिता येते. मॅनिंगपाशी ती आधीच होती. लाइनार्टचा पदवीस राहिलेला अखेरचा विषय म्हणजे नृत्याचा वर्ग होता, ही गोष्ट त्या काळी सर्वांच्या विनोदाचा विषय झाली होती. जेथे अभ्यास नावापुरता आहे तेथे अभ्यासाचे नाव पुढे करणे ही आत्मवंचना होय. लकची गोष्ट निराळी. त्यास जे शिकावयाचे होते ते खरोखरच शिकावयाचे होते.

थांबण्याचे खरे कारण दुसरेच आहे, व ते म्हणजे परिपाक. मिचेल ट्रुबिस्की महाविद्यालयात केवळ १३ सामन्यांत आरंभापासून खेळून २०१७ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. चार हंगामांनंतर शिकागोच्या संघाने त्यास निरोप दिला. अँथनी रिचर्डसनचेही सामने १३ च. तो २०२३ साली चौथा निवडला गेला, आणि २०२५ चा हंगाम सुरू होताना त्याचे स्थान दुसऱ्याकडे गेले. न्यूटनही एकाच मोठ्या हंगामानंतर गेला आणि २०१५ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे आम्ही विसरलो नाही. पण अपवादावर घर बांधू नये. धंद्यात शिकण्यास सवड नसते. पहिला क्रमांक म्हणजे सर्वांत दुबळा संघ. तेथे त्या पोरास पहिल्याच दिवशी तारणहार म्हणून उभे करितात, आणि तो चुकला की त्याचे चुकणे शिक्षणात जमा होत नाही, अपयशात जमा होते.

ह्या सर्व गोंधळात त्या मुलाने एक प्रश्न प्रत्येक सल्लागारास मनातल्या मनात विचारावा: माझ्या जाण्याने वा राहण्याने तुमचा लाभ काय? प्रशिक्षकास तो राहावयास हवा असतो, कारण त्याची स्वतःची नोकरी विजयांवर चालते. दलालास तो जावयास हवा असतो, कारण कराराच्या शेकडा तीनपर्यंत वाटा त्याचा. माजी विद्यार्थ्यांस आपल्या विद्यापीठाचा डंका हवा असतो. निरपेक्ष सल्ला बहुधा आईबापांचा; आणि तोही, मुलाच्या यशात ते आपले राहिलेले स्वप्न पाहत नसतील तर.

आमचे मत विचाराल तर असे. क्रमांक वर चढावा म्हणून जो थांबतो त्याने थांबू नये. कारण तो जुगार आहे, आणि ब्रॅडफर्डच्या खांद्यासारखा एक फासा उलटा पडला की बोलणेच खुंटते. परंतु ज्याला आपले काम अजून पुरते येत नाही असे एकांतात जाणवते, किंवा जेथे आहे तेथे ज्याचे मन खरोखर रमले आहे, त्याने मात्र निःशंक थांबावे. इजा झालीच तरी ते वर्ष वाया गेले असे त्याला म्हणावे लागणार नाही; कारण त्या वर्षाचे मोल त्याने पुढच्या वर्षाकडून उसने घेतलेले नसते.

लकचे पुढे काय झाले हे ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. खांद्याच्या दुखण्याने २०१७ चा संपूर्ण हंगाम त्याने गमाविला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, वारंवारच्या दुखापतींस कंटाळून तो निवृत्त झाला. जमाखर्चाच्या वहीत पाहणारा म्हणेल, इतक्या अल्प कारकिर्दीतील एक वर्ष त्याने महाविद्यालयात उधळले. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच मनुष्य स्टॅनफर्डच्या फुटबॉल विभागाचा व्यवस्थापक होऊन आपल्या जुन्या विद्यापीठात परत आला. ज्या जागी मनुष्य पुन्हा आपखुशीने जातो, तेथे घालविलेले वर्ष त्याच्या लेखी खर्चाच्या बाजूस नसावे, असे अनुमान आम्ही काढले तर ते धाडसाचे होऊ नये. शरीराची मुदत तर थोडीच असते; तेव्हा ती मुदत कशासाठी खर्चावी, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे ते शरीर आहे त्यालाच असावा, आणि इतरांनी आपली मते आटोपशीर ठेवावीत.