शिमाबाराच्या गार शेवया

जपानात, नागासाकी प्रांतातील शिमाबारा द्वीपकल्पावर, एका उन्हाळी दुपारी आमच्यापुढे ‘सोमेन’ आले. गव्हाच्या या केसासारख्या बारीक शेवया. दोनेक मिनिटे उकडून, गार पाण्यात चोळून धुतलेल्या. वर काकडी व टोमॅटोचे काप, शेजारी बुडवून खाण्यास सोयाचा खारट रस. पहिल्याच घासाने जीव निवाला.

वाढणाऱ्या बाईंनी मग हकीकत सांगितली. जवळच हारा किल्ल्याचे अवशेष आहेत. जाचक करांनी व धर्मच्छळाने गांजून उठलेले हजारो ख्रिस्ती शेतकरी १६३८ साली तेथे कापले गेले. गावे ओस पडली. पुढे शोदोशिमा बेटावरून वसावयास आलेल्यांनी ही कला आणिली, असे तेथे सांगतात.

कोणाच्या ओसाड अंगणी कोणाची चूल पेटली! दुसरा घास आम्ही क्रुसाची खूण करून, मुकाट्याने घेतला.